रिकाम्या ट्रकवर वाजणारी पेटी

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत, मसाल्याचा कारखाना आणि धाग्याची गिरणी यांच्या मधल्या शेडमध्ये ‘दिव्यचक्षू सेन्सर्स प्रायव्हेट लिमिटेड’ ही कंपनी देशाची सुरक्षा करत असे. म्हणजे करणार होती. सध्या ती बैठका करत होती. कंपनीत माणसं एकोणीस. त्यांतली तीन प्रत्यक्ष काही बनवत आणि उरलेली सोळा त्या तिघांना उशीर का होतो आहे यावर चर्चा करत.

बनवायची होती ती एक पेटी. स्टीलच्या कारखान्यात ट्रक भरभरून भंगार येतं आणि त्या भंगारात क्वचित एखाद्या जुन्या यंत्राचा किरणोत्सारी तुकडा दडून येतो. दिसायला तो नटबोल्टांचाच भाऊ, पण भट्टीत वितळला की सगळं पोलाद बाद आणि भट्टीपुढची माणसं गोत्यात. म्हणून फाटकावर ही पेटी ठेवायची. ट्रक समोरून गेला आणि त्यात काही असलं, तर पेटीतल्या खड्यावर किरण पडणार, खडा विजेची बारीकशी लहर देणार आणि लहरी प्रमाणाबाहेर गेल्या की लाल दिवा आणि शिट्टी. खडा म्हणजे कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांचा अर्धवाहक स्फटिक. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, शेडमध्ये सगळे खडाच म्हणत. तो कुठल्याही उन्हाळ्यात बिनतक्रार चालतो, असं माहितीपत्रकात छापलं होतं. माहितीपत्रक लिहिणाऱ्यानं नागपूरचा उन्हाळा पुण्यात बसून पाहिला होता.

पेटीचं दुखणं एकच होतं. ती रिकाम्या ट्रकवर वाजायची.

भरलेल्या ट्रकवर वाजायची त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण चाचणीसाठी कंपनीचा टेम्पो आतून झाडून, धुऊन, ड्रायव्हरच्या पुडीखेरीज त्यात काही नाही अशी खात्री करून समोरून नेला, तरी पेटी शिट्टी मारून मोकळी होई. मसाल्याच्या कारखान्यातल्या बाया सुरुवातीला दचकायच्या. पुढे पुढे त्या शिट्टीवर जेवणाची सुट्टी करू लागल्या.

खडे घासायचे धम्मानंदनं. वय त्रेपन्न, शिक्षण आयटीआय. त्याआधी अठरा वर्षं सीताबर्डीतल्या एका चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत त्यानं काचा घासल्या होत्या. मग काचा घासायचं मशीन आलं आणि धम्मानंद रस्त्यावर आला. ‘दिव्यचक्षू’नं आठ वर्षांपूर्वी त्याला घेतलं, कारण खडा इतका ठिसूळ की मशीननं घासला तर दहातले सहा तडकत, आणि धम्मानंदच्या हातून दहातला एखादाच जाई. हातमोजे, मास्क, बारीक पूड, मखमलीसारखं कापड आणि हाताचा अंदाज. वर सोन्याचा पातळ थर द्यायचा की खडा तयार. खडा उजेडात धरून तो बऱ्यावाईटाचा निवाडा करी आणि कंपनीतला शास्त्रज्ञ डॉक्टर ऋषिकेश याच्या परदेशी यंत्रानं दोन दिवसांनी तोच निवाडा दिला, की बैठकीत ऋषिकेशचं अभिनंदन होई. धम्मानंदला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. थोडं वाटे. पण आपल्याला कळतं ते या सुटाबुटातल्यांना कळत नाही, हे मनातल्या मनात घोळवण्यात जी मजा आहे ती अभिनंदनात नाही, असं त्याचं मत होतं. हा त्याचा एकच षोक होता आणि तो त्यानं नीट जोपासला होता.

कंपनीचे मालक कृष्णकांत साहेब. राहायला मनीषनगरला, बोलायला कुठेही. ‘आज भंगार, उद्या विमानतळ, परवा सरहद्द’ हे वाक्य ते पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकवत. त्यांच्या पत्नी दामिनीवहिनी. त्यांचा स्वतंत्र व्यवसाय होता. आधी आपण विकत घ्यायचं, मग ओळखीच्यांच्या गळ्यात घालायचं, त्यांनी त्यांच्या ओळखीच्यांच्या, अशा पद्धतीनं चालणाऱ्या एका कंपनीत त्या ‘डायमंड’ पातळीवर पोचल्या होत्या. या व्यवसायात गळ्यात घालणं अक्षरशः होतं, कारण माल होता लॉकेटचा. नाव ‘ऊर्जा कवच’. काळ्या दगडाची रुपयाएवढी चकती, मधोमध सोनेरी कमळ. सोबतच्या पत्रकात लिहिलं होतं की मोबाइल, टॉवर, मायक्रोवेव्ह आणि इतर सर्व प्रकारच्या घातक किरणांपासून हे लॉकेट बचाव करतं.

गेल्या दिवाळीत मिठाईच्या डब्याऐवजी साहेबांनी सगळ्या एकोणीस जणांना एकेक ऊर्जा कवच दिलं.

“देखो, आपण रेडिएशनच्या धंद्यात आहोत,” ते म्हणाले, “आपल्या माणसांची काळजी आपणच घ्यायला पाहिजे.”

टाळ्या झाल्या. एकोणीस माणसं किरण पकडायचं यंत्र बनवत होती आणि एकाच्याही मनात आलं नाही की हे लॉकेट एकदा यंत्रापुढे धरून पाहावं. सगळ्यांनी ते मुकाट गळ्यात घातलं. ऋषिकेशनं परदेशात याच विषयात डॉक्टरेट केली होती. तो अश्लेषाला हळूच म्हणाला, “बकवास आहे, पण घालण्यात नुकसान काय आहे?” अश्लेषा ही पेटीच्या आलेखांचं काम पाहणारी नवीन इंजिनिअर. तिची नोकरी अजून कायम व्हायची होती, त्यामुळे तिनं नुकसानाचा वेगळा हिशेब केला आणि तीही लॉकेट घालून फिरू लागली.

धम्मानंदनं मात्र घातलं नाही. त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली त्याच दिवशी घरातले गंडेदोरे, ताईत, अंगाऱ्याच्या पुड्या गोळा करून नेऊन नदीत टाकल्या होत्या. ही गोष्ट धम्मानंदनं लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती आणि पुढे इतक्यांदा सांगितली होती की ती आपणच केली असं त्याला अधूनमधून वाटे. साहेबांच्या तोंडावर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यानं लॉकेट घेतलं, डब्याच्या पिशवीत टाकलं आणि नागपुरात रामेश्वरी भागातल्या घरी नेलं. तिथे ते कपाटावर पडून राहिलं.

डिसेंबरात त्याची लेक पायल बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. पायलच्या सासूनं निरोप धाडला की नजर लागू नये म्हणून पाळण्याला काळा मणी बांधा. धम्मानंदनं फोनवर विहीणबाईंना वीस मिनिटं आजोबांची गोष्ट ऐकवली. विहीणबाईंनी मण्याचा विषय परत काढला नाही, फोनही बरेच दिवस केला नाही. नंतर एक दिवस पायलला कपाटावरचं ते कमळ सापडलं.

“बाबा, हे पाळण्याले बांधू का? चमकते, पोरगी पाहत राहीन.”

“बांध ना वं,” धम्मानंद मोठ्या मनानं म्हणाला. “त्यात काई नसते. नुसता दगड हाय.”

इकडे शेडमध्ये पेटीचं दुखणं चिघळत गेलं. आधी खापर फुटलं कूलरवर. कूलरच्या थरथराटानं खडा हलतो आणि खोट्या लहरी येतात, असं ऋषिकेशनं सांगितलं. ते काही अगदीच चूक नव्हतं, म्हणून एप्रिलात कूलर बंद झाला. माणसं घामानं निथळली आणि पेटी वाजत राहिली. मग अर्थिंग बदललं. मग एक वास्तुतज्ज्ञ आले आणि त्यांनी पेटीचं तोंड दक्षिणेकडून पूर्वेकडे फिरवलं. पूर्वेला तोंड करूनही ती वाजली.

या साऱ्यात एक गोष्ट धम्मानंदच्या लक्षात आली होती. कंपनीच्या बसनं तो सकाळी सातला सगळ्यांच्या आधी पोचायचा. पेटी चालू करून द्यायची हे त्याचंच काम. चालू झाल्यावर पेटी पंधरा मिनिटं आजूबाजूचा अंदाज घेई, कारण माती, भिंती, आभाळ, सगळीकडून थोडेफार किरण येतच असतात. तेवढ्याला ती शून्य समजायची आणि त्याच्या वर गेलं तर वाजायची. सात ते दहा पेटी शहाण्या लेकरासारखी गप्प असे. दहाला सगळे आले, टेम्पो निघताच पेटीवर वाकून उभे राहिले की शिट्टी. धम्मानंदनं हे बैठकीत सांगितलं.

“टेंपरेचर!” ऋषिकेश टिचकी वाजवून म्हणाला. “सकाळी गार असतं, दहानंतर तापतं. खड्याला एसी पाहिजे.”

धम्मानंदला ते पटलं. त्याचाही अंदाज हाच होता, आणि डॉक्टरांचा अंदाज आपल्याशी जुळला याचा त्याला आनंदच झाला. एसी आला. पण शेडला दारं-खिडक्या मोकळ्या, गारवा टिकणार कसा, म्हणून खड्यासाठी आलेला एसी साहेबांच्या केबिनमध्ये बसवला गेला, आणि चाचणीपुरती पेटीच तिथे नेऊन ठेवायची असं ठरलं. केबिन अगदी काश्मीर झाली. सकाळचं शून्य तसंच ठेवून पेटी टेबलावर ठेवली, समोर ना टेम्पो ना भंगार, आणि ती जी वाजायला लागली ती वायर उपटेपर्यंत थांबली नाही. साहेबांच्या मागच्या कपाटात वहिनींच्या मालाची चार खोकी होती. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं, त्यांवर फुलं काढलेली होती.

“गारव्यातही वाजते,” ऋषिकेशनं निष्कर्ष काढला, “म्हणजे दोष खड्यातच आहे. घासताना आत बारीक चिरा पडतात.”

सोळा माना एकदम धम्मानंदकडे वळल्या. इतके दिवस आपलं काय होणार या काळजीत असलेली माणसं केवढी मोकळी झाली ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. दोष सापडला होता, तो घासणाऱ्यात होता आणि घासणारा आयटीआयवाला होता. याहून सोयीचा दोष कंपनीला परवडण्यासारखा नव्हता.

साहेबांनी धम्मानंदला केबिनमध्ये बोलावलं. गार हवेत बसवून पाणी दिलं, तेव्हाच तो काय ते समजला.

“भाऊ, तुमच्याबद्दल मले आदरच आहे,” साहेब म्हणाले. जिव्हाळ्याच्या प्रसंगी ते नागपुरीवर येत. “पण ऐसा है, तीस तारखेले स्टीलवाल्यांच्या गेटवर फायनल चाचणी आहे. त्या दिवशी रिकाम्या ट्रकवर पेटी वाजली, तं तुमची खडे घासायची खोली बंद करा लागन. बाहेरून तयार खडे आणू, वर आपलं स्टिकर लावू. आजकाल सगळे तसंच करून राहिले.”

“आन् मी साहेब?”

“तुम्ही काय, कलाकार माणूस. तुम्हाला कुठंही काम भेटते.”

धम्मानंदला कुठेही काम मिळणार नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं. चष्म्याच्या काचा आता मशीन घासत होतं. घरात बायको, बाळंतीण लेक आणि पाच महिन्यांची नात होती, जावयाची नोकरी डळमळीत होती. त्या रात्री तो जेवला नाही. भूक नाही म्हणून सांगितलं. राग नोकरीपेक्षा खड्याचा जास्त होता. आपल्या खड्यात चिरा आहेत असं कुणी म्हणावं, हे त्याला आईवरून शिवी दिल्यासारखं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं अश्लेषाला गाठलं. पेटीला लॅपटॉप जोडला की कोणत्या जोराचे किरण किती आले याचा आलेख दिसे. गिऱ्हाइकाला लाल आणि हिरव्यापलीकडे काही नको होतं, म्हणून तो पडदा पेटीवरून काढून टाकला होता, पण अश्लेषाकडे रोजचे आलेख साठवलेले होते.

“हे बघा भाऊ,” तिनं दाखवलं. “पेटी वाजते तेव्हा इथे हा उंचवटा येतो.”

“कालचा दाखवा.” कालच्यातही तो होता. “आन् परवाचा?” परवाच्यातही, त्याच जागी.

धम्मानंदनं पडद्यावर बोट ठेवलं. “म्याडम, दहा दिवसांत मी दोनदा खडे बदलले. चिरा असत्या तं दर खड्याची चीर अलग राह्यली असती. हा डोंगर रोज एकाच जागी कसा काय?”

अश्लेषानं त्याच्याकडे पाहिलं. मग ती ऋषिकेशकडे गेली. ऋषिकेशनं आलेखाकडे न बघता सांगितलं की रिसेप्शनमधल्या ग्रॅनाइटमुळे तसं होतं, आणि भाऊंना सांगा घासण्याकडे लक्ष द्या. ग्रॅनाइट रोज दहाला येऊन सहाला घरी जातं का, हे विचारणं अश्लेषाच्या ओठांवर आलं होतं. पण नोकरी कायम व्हायची होती.

तीस तारीख उजाडली. मे महिन्यातली, पारा पंचेचाळीसवर. स्टील कारखान्याच्या फाटकापाशी मांडव टाकला होता, पेटीला झेंडूचा हार घातला होता. धम्मानंद सकाळी सातलाच पेटी घेऊन आला होता आणि एकट्यानं ती चालू करून बसला होता. दहाला ‘दिव्यचक्षू’चा सगळा लवाजमा आला. साहेब, वहिनी, ऋषिकेश, अश्लेषा आणि बैठका घेणारे सगळे. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी रोहित साहेब घड्याळ बघत उभे होते. त्यांच्याजवळ शिशाच्या डबीत तपासणीसाठीचा परवान्याचा किरणोत्सारी स्रोत होता. तीन ट्रक जाणार होते. त्यांतल्या कोणत्यात तो स्रोत असेल हे त्यांनाच माहीत होतं.

पहिला ट्रक पुढे सरकला. साहेब पुढे येऊन पेटीला खेटले, बाजूला वहिनी, मागून ऋषिकेशची मान. शिट्टी वाजली.

“यात काही नव्हतं,” रोहित साहेब म्हणाले.

साहेबांनी एकदम हसून सांगितलं की हा सराव होता. ट्रक मागे घेऊन परत आणला. परत शिट्टी. रोहित साहेबांनी हातातली फाइल मिटली. साहेबांनी मान फिरवून धम्मानंदकडे बघितलं. त्या बघण्यात खड्याची खोली बंद झालेली होती, कुलूपही लागलेलं होतं.

धम्मानंदच्या अंगाची लाही झाली. आठ वर्षं तो मान खाली घालून घासत आला होता. तो उठला आणि सगळ्यांसमोर ओरडला, “सरका! सगळे सरका इथून! सात वाजल्यापासून मी एकटा बसून होतो, तवा चूप होती हे. तुम्ही आले का बोंबलते. सरका, पार तिकडं मांडवात जा!”

साहेबांना कंपनीत कुणी असं बोललं नव्हतं. त्या धक्क्यानंच ते सरकले आणि त्यांच्यामागे सगळे सरकले. पेटीजवळ धम्मानंद एकटा उरला. त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि ड्रायव्हरला हात केला.

पहिला ट्रक गेला. पेटी गप्प. हिरवा दिवा. दुसरा ट्रक आला, अर्धा पुढे गेला आणि पेटीनं अशी शिट्टी मारली की झाडावरचे कावळे उडाले. रोहित साहेबांनी मान डोलावली. तिसरा ट्रक गेला. गप्प. तिन्ही ट्रक उलट्या क्रमानं नेले, पेटी एकदाही चुकली नाही.

मांडवात जल्लोष झाला. साहेब दोन्ही हात पसरून पेटीला मिठी मारायला धावले आणि ते हातभर अंतरावर पोचताच शिट्टी वाजली.

“थांबा,” रोहित साहेब म्हणाले. “मागं व्हा. आता एकेक जण या.”

मग लग्नात आहेर द्यायला लागते तशी रांग लागली. साहेब, शिट्टी. वहिनी, लांबलचक शिट्टी, कारण त्यांनी तीन घातली होती. ऋषिकेश, शिट्टी. ट्रकचा ड्रायव्हर, काही नाही. बैठकवाले ओळीनं, शिट्टी, शिट्टी, शिट्टी. अश्लेषा पेटीपाशी आली, वाजल्यावर जागीच थांबली आणि तिनं हळूच गळ्यातलं लॉकेट काढून लांब उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या हातात दिलं. पेटी गप्प झाली. तिनं लॉकेट परत घेतलं, पेटीपुढे धरलं आणि लॅपटॉप उघडला. रोजच्या जागी रोजचा डोंगर उभा होता, फक्त आज तो तिप्पट उंच होता.

“थोरियम,” ती म्हणाली. “सर, या दगडात थोरियमची किरणोत्सारी पूड आहे. गेले सहा महिने आपण हेच मोजतोय.”

ऋषिकेशनं आलेख पाहिला. अखेर पाहिला एकदाचा. मग तो मांडवाच्या खांबाकडे बघू लागला.

“म्हणजे ऊर्जा आहे ना त्यात!” दामिनीवहिनी उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाल्या. “मी म्हणतच होते. लोक विश्वास ठेवत नव्हते. आता मशीननं सिद्ध झालं.”

 साहेबांना उत्तर लगेच सुचलं. ते अशा वेळी कधी अडत नसत. त्यांनी रोहित साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ही व्यवस्थापनानं मुद्दाम आखलेली विशेष चाचणी असल्याचं सांगितलं. ट्रकमधला स्रोत कुणीही पकडेल, पण माणसाच्या सदऱ्याआड दडलेला एवढासा दगड पकडणारी पेटी देशात दुसरी नसेल. रोहित साहेबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि साहेब खोटं बोलत असले तरी पेटी खरं बोलते हे त्यांना पटलं. चार पेट्यांची मागणी त्यांनी तिथेच नक्की केली. एकच अट घातली, की खडे याच हाताचे पाहिजेत.

“अर्थात!” साहेब म्हणाले. “खड्याची खोली आम्ही दुप्पट करतोय. धम्मानंदभाऊ म्हणजे आमचं हृदय आहे, हृदय!”

टाळ्या वाजल्या. धम्मानंदचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत. त्याच्या खड्यात चीर नव्हती. नोकरी वाचली ही गोष्ट तर होतीच, पण एकोणीस जणांत एकट्याच्याच गळ्यात तो दगड नव्हता, एकट्यालाच अक्कल होती, हे पंचेचाळीस डिग्रीत सगळ्या बुटीबोरीसमोर पेटीनं शिट्टी वाजवून सांगितलं होतं. तो मनातल्या मनात आजोबांची गोष्ट सांगू लागला. आता तिच्या शेवटी हाही प्रसंग जोडायचा होता.

अश्लेषा सगळ्यांची लॉकेटं गोळा करून रोहित साहेबांनी दिलेल्या एका पत्र्याच्या डब्यात टाकत होती. “घाबरायचं कारण नाही,” ती सांगत होती, “एवढ्यानं लगेच काही होत नाही. पण महिनोन् महिने कातडीला लावून ठेवायची वस्तू नाही ही. दगड झिजतो, पूड पोटात गेली तर वाईटच. लहान मुलांजवळ तर अजिबात नको.” तिनं डब्यात मोजून पाहिलं. “वहिनींची तीन सोडली तर अठराच झाली. भाऊ, तुमचं कुठंय?”

“त्यांनी घातलंच नाही ना!” साहेब कौतुकानं म्हणाले. “म्हणून तर वाचले.”

सगळे हसले. धम्मानंदही हसायला लागला आणि मध्येच थांबला.

तो मांडवाबाहेर आला. उन्हात फोनचा पडदा दिसेना, तर त्यानं हाताचा आडोसा केला. दोनदा चुकीचं नाव दाबलं गेलं.  तिसऱ्यांदा पायलला लागला.

“पायल, पाळण्याले ते काळं लॉकेट हाय ना, कमळाचं…”

“पाळण्याले कुठं आता बाबा, तिनं कवाच वढून काढलं,” पायल हसत म्हणाली. “हातातच राह्यते तिच्या. दात येऊन राहिले ना तिले, तं दिवसभर तेच चावत राह्यते. मस्त चूप राह्यते त्यानं.”

“काढ. आत्ता काढ हातातून. तोंड धू तिचं. ते बाहेर ने, दूर ठेव कुठंतरी, आन् डॉक्टरकडं जायची तयारी कर, मी येऊन राहिलो.”

“काहून? काय झालं?”

मागून साहेब हाका मारत होते. फोटो काढायचा होता आणि हृदय मधोमध हवं होतं. थोरियम, किरण, रोज एकाच जागी येणारा डोंगर, सगळं धम्मानंदच्या डोक्यात नीट ओळीनं मांडलेलं होतं, पण लेकीला ते कुठून सांगायचं?

“बाबा, बोला ना काई!” पायलचा आवाज आता चढला होता. मागे पोरगी रडायला लागली होती, हातातलं काढून घेतल्यावर रडतात तशी. “आन् तुम्हीच तं म्हणलं होतं, त्यात काई नसते म्हणून.”